तिसरा हात

पुढच्या खुंट्यापाशी बोट टेकवलं
आणि बोट आत गेलं,
दुधात बुडवलेल्या पावात जावं तसं.
वरून डेक अजून चकचकीत.
तीन वर्षं मी म्हणत होते, कुठेतरी पाणी मुरतंय.
ते मुरत होतं इथे,
प्लायवूडच्या कडेला, सात पापुद्र्यांच्या उघड्या तोंडांत,
जिथे कुणी ब्रश फिरवला नव्हता.

कुणी म्हणजे बिर्गर.
त्यानेच बसवला होता हा डेक, नऊ उन्हाळ्यांपूर्वी.
वरून तीन हात, खालून एकही नाही,
कडा तशाच कोरड्या, आणि पैसे मात्र मोजून.
मी बोलले, तर म्हणाला, होडी म्हातारी झालीय, गुनवोर.
आणि "होडी"च्या जागी त्याच्या डोळ्यांत
दुसरंच काहीतरी होतं.
तेव्हापासून धक्क्यावर भेटलो
तर आम्ही वाऱ्याबद्दल बोलतो.

मे महिना. बेटावर रात्र आता नावापुरती.
पिवळी फेरी समोरून जाते, येते,
आयडर बदकं खडकांवर कुजबुजत बसतात.
होडीवर ताडपत्रीचा तंबू, आत हीटर,
आणि टपालबोटीवरून निवृत्त होताना
मला दिलेलं घड्याळ.
ते आज पहिल्यांदा कामाला आलं:
इपॉक्सी कालवलं की वीस मिनिटं.
त्यानंतर डबा तापतो, धुरकटतो,
आणि ब्रश कायमचा त्याचा होतो.
दोनास एक. मापात पाप चालत नाही.

पहिला हात लाकूड पिऊन टाकतं.
बर्च तहानेलं असतं, आपल्याला वाटतं त्याहून जास्त.
कडा तर पीतच राहतात;
पुन्हा द्या, पुन्हा कोरड्या.
स्क्रूची भोकं मोठी पाडली, इपॉक्सीने भरली,
सुकल्यावर त्यातच बारीक भोकं पाडली,
म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही.
फळीच्या खालच्या अंगावर पेन्सिलीने लिहिलं
तारीख, बारा अंश, आणि
"एक डबा कमी पडणार".
त्यावर दुसरा हात फिरवला.
अक्षरं काचेखाली गेल्यासारखी दिसू लागली.
ही बाजू आता कुणी बघणार नाही,
पुढच्या वेळी फळी काढणारा सोडून.

तिसरा हात दुसरा चिकट असतानाच द्यायचा असतो,
आणि उजवा खांदा नेमका तेव्हाच संपावर गेला.
एकतीस वर्षं दोर फेकणारा खांदा.
डाव्या हाताने ओघळ येत होते, मी शिव्या देत होते,
तेवढ्यात ताडपत्री बाजूला झाली.

बिर्गर. टोपी हातात.
माझ्याकडे बघितलं नाही.
गवतावर पडलेल्या जुन्या फळीपाशी वाकला,
कडेत बोट घातलं.
बोट आत गेलं.
पँटला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.
मग एक इंची ब्रश उचलून म्हणाला,
कडा मी घेतो.

मी नवा डबा कालवला.
घड्याळ त्याच्याकडे फिरवून ठेवलं.
वीस मिनिटं आम्ही वाऱ्याबद्दलही बोललो नाही.
त्याचा श्वास जोराचा, गुडघे वाजत होते.
जाताना विचारलं, कॉफी आहे का?
संपली, म्हणाले.
संपली नव्हती.

गुरुवारी घासून धुतलं, रंग दिला.
राखाडी, कारण दुकानात तोच होता.
ओल्या रंगावर चहाच्या गाळणीतून रेती पेरली,
पाय घसरू नये म्हणून.
डब्याचा हिशेब चुकला होता, अर्धा उरला.
एक डास उतरला आणि राहिला.

त्याआधी, बुधवारी रात्री,
म्हणजे त्या उजेडाला रात्र म्हणायचं असेल तर,
टॉर्च घेऊन मी त्याच्या कडा तपासल्या.
सगळ्या. पालथी पडून, आरसा धरून.
मागच्या कोपऱ्यात
करंगळीच्या नखाएवढी जागा राहिली होती.
ती मी भरली.

हे त्याला सांगायचं की नाही
अजून ठरलेलं नाही.